एएसएन.१ नेमकं वापरतंय कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची पोरं, कॉलेजात नेटवर्क सांभाळणारे, सेतू केंद्रात दिवसभर पीडीएफ काढणारे, असे वेगवेगळे लोक फिरून फिरून तेच विचारायलेत म्हणून एकदाचं लिहून टाकलं. सिलॅबसमध्ये हे नाव अर्ध्या पानात येतंय आणि मास्तर पुढच्या टॉपिकवर जातेत. खाली लिहिलेलं परीक्षेसाठी कमी आणि काम करताना जास्त उपयोगी पडंल.

दादा, एएसएन.१ म्हणजे नेमकं काय? लँग्वेज आहे का प्रोटोकॉल?

दोन्ही नाही. पूर्ण नाव ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स नोटेशन वन. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीननी एकमेकांना डेटा पाठवायचा तर त्यात कोणकोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमानं, कोणत्या टाइपच्या, किती ते किती असतील हे लिहून ठेवायची ही ठरलेली पद्धत. यात इफ-एल्स नाही, लूप नाही, प्रोग्रॅम लिहायचाच नाही, फक्त डेटाचा आकार सांगायचा.

लोकांचा घोळ एकाच जागी होतोय. नोटेशन वेगळं आणि एन्कोडिंग वेगळं. गाव नमुना सातमध्ये कोणता रकाना कुठं ते ठरलेलं असतंय, मग तो तलाठ्यानं हातानं लिहू दे नाहीतर कॉम्प्युटरवरून निघू दे, नमुना तोच. तसंच इथं नमुना एएसएन.१ मध्ये लिहायचा आणि तो वायरवरून बाइटमध्ये कसा जाईल ते एन्कोडिंग रूल ठरवणार, आणि ते रूल एक नाही, बरेच आहेत: बीईआर, डीईआर, पीईआर, ओईआर, एक्सएमएलसाठी एक्सईआर, एवढंच काय जेसनसाठी जेईआर पण आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातंय, आणि नाही बसलं तर दहा व्हिडिओ बघूनही डोक्याला ताप.

हे जुनं झालंय ना? अजून कोण वापरतंय?

जुनं आहेच. १९८४ मध्ये एक्स.४०९ म्हणून आलं, तेव्हा ते एक्स.४०० ईमेलसाठी होतं, १९८८ ला एक्स.२०८ म्हणून स्वतःचं वेगळं स्टँडर्ड झालं आणि १९९५ च्या सुमारास सगळं नव्यानं लिहून एक्स.६८० ची मालिका आली, आजही तीच चालते. आयटीयू आणि आयएसओ या स्टँडर्ड ठरवणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संस्था मिळून सांभाळतात. ज्या ओएसआयच्या सात लेयर आपण घोकतो त्यातले बहुतेक प्रोटोकॉल टीसीपी-आयपीपुढं टिकले नाहीत, पण हे नोटेशन टिकलं. ५जीचं स्टँडर्ड उघडून बघा, त्यात पानंच्या पानं एएसएन.१ आहे, त्यामुळं ‘जुनं’ म्हणा, ‘संपलं’ म्हणू नका.

मी तर साधा माणूस, मला कुठं लागतंय हे?

सकाळी उठून मोबाईल हातात घेतला की लागलं. टॉवरशी बोलणं यात, ब्राउझरमधल्या कुलपाचं सर्टिफिकेट यात, डिजिटल सहीची पीडीएफ यात, एटीएम कार्डची चिप याच्याच नियमानं बोलती, आणि घराबाहेर नवीन स्मार्ट मीटर बसलं असंल तर त्यात पण. दिसत नाही कारण हे माणसानं वाचायसाठी नाहीच.

मोबाईलचं जरा नीट सांगा

मला स्वतःला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतंय म्हणून जरा लांबणार.

४जी टॉवर दर १० मिलिसेकंदाला एक बारीक मेसेज हवेत सोडत असतोय, त्याला मास्टर इन्फर्मेशन ब्लॉक म्हणतात. फोन चालू केला, किंवा नांदेडहून पुण्याला निघालेल्या गाडीत झोपेतून उठून एअरप्लेन मोड काढला, की फोन जे अगदी आधी वाचतोय त्यात हे. हा पूर्ण मेसेज फक्त २४ बिटचा. त्यात ३ बिट बँडविड्थचे, कारण पर्याय सहाच आहेत आणि सहा पर्याय तीन बिटांत बसतात. मग ३ बिट पीएचआयसीएच नावाच्या चॅनलच्या सेटिंगचे, ८ बिट फ्रेम नंबरचे, आणि १० बिट पुढं काही लागलं तर म्हणून रिकामे सोडलेले. झाले २४. फ्रेम नंबर खरं तर १० बिटांचा असतोय पण तेच मेसेज ४० मिलिसेकंदांत चार वेळा येतंय आणि आपण चारांतलं कितवं ऐकलं त्यावरून फोन उरलेले २ बिट स्वतः काढतोय. एवढी कंजुषी! हवेतल्या जागेला, म्हणजे स्पेक्ट्रमला, कंपन्या हजारो कोटी मोजतात, तिथं जेसनसारखे कंस, फील्डची नावं आणि अवतरण चिन्हं पाठवत कोण बसंल?

हे सगळं अनअलाइन्ड पीईआरमध्ये असतंय, म्हणजे बाइटची हद्द न पाळता बिटाला बिट चिकटवून. ४जीचं ३६.३३१ आणि ५जीचं ३८.३३१ या डॉक्युमेंटमध्ये एएसएन.१ चा मजकूर छापलेलाच आहे, कंपन्या तोच उचलून कंपायलरला देतात आणि एन्कोडर-डिकोडरचा कोड आपोआप तयार होतो. चिप एका देशातली, टॉवरचं मशीन दुसऱ्या देशातलं, तरी पहिल्या सेकंदात एकमेकांचं कळतंय त्यामागं हे मोठं कारण.

टॉवरच्या मागं पण हेच आहे. एसएमएस आणि रोमिंग ज्या जुन्या एसएस७ नेटवर्कवर चालतंय त्यातला एमएपी प्रोटोकॉल बीईआरमध्ये. बाहेरदेशात जाऊन बोललात तर दोन ऑपरेटरमध्ये हिशोबाची जी टॅप फाइल जाती ती पण बीईआर. ई-सिमचं प्रोफाइल फोनमध्ये उतरतंय ते डीईआर.

माझा फोन जुना, नेटवर्क रोज नवीन, तरी चालतंय कसं?

नोटेशनमध्ये तीन टिंबं टाकायची सोय आहे, एक्स्टेंशन मार्कर म्हणतात. याचा अर्थ ‘इथं पुढं काहीतरी वाढू शकतंय, ओळखीचं नसलं तर सोडून द्या’. नव्या रिलीजमध्ये चार फील्ड वाढले तर जुना फोन ते ओलांडून पुढं जातोय, बंद पडत नाही. २००८ च्या शेवटी ४जीचं पहिलं रिलीज, म्हणजे रिलीज ८, पक्कं झालं आणि त्यावर बनलेला फोन नंतरच्या नेटवर्कवर चालावा हे असं आधीच लिहून ठेवलेलं. स्वतःचं काही डिझाइन करायची वेळ आली तर बाकी सगळं विसरा पण ती तीन टिंबं विसरू नका. पीईआरमध्ये ती नंतर घालता येत नाहीत, घातली की बिटांची जागाच सरकती आणि जुनी मशीनं गडबडतात.

आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह येतंय, सही खोटी आहे का?

सेतूवाल्यांचा एक नंबरचा प्रश्न. तेवढ्यावरून खोटी म्हणता येत नाही हो. तिथं ‘व्हॅलिडिटी अननोन’ लिहिलंय, ‘इनव्हॅलिड’ नाही, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

होतंय असं की पीडीएफमध्ये सहीसाठी एक जागा रिकामी सोडतात, ती जागा वगळून बाकी सगळ्या फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक छोटा आकडा, काढतात, त्यावर सही करतात आणि मग सही आणि सर्टिफिकेट मिळून एक गठ्ठा त्या जागेत भरतात. तो गठ्ठा सीएमएस नावाच्या फॉरमॅटचा, ज्याला जुनी माणसं पीकेसीएस सेव्हन म्हणतात, आणि तो पूर्ण एएसएन.१. तुमच्या रीडरला हॅश जुळला की नाही ते लगेच कळतंय, पण सर्टिफिकेट देणारा कोण, त्याच्यावर भरवसा ठेवायचा का, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतंय. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली सीसीए, म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, हे सगळ्यांच्या वर. तुमच्या रीडरच्या यादीत सीसीए इंडियाचं रूट, म्हणजे सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, नसलं की तो प्रश्नचिन्ह दाखवणार.

करायचं काय, तर कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक, व्हॅलिडेट सिग्नेचर, मग प्रॉपर्टीज, मग सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट दाखवा. तिथं साखळीच्या टोकाला सीसीए इंडिया आहे का ते डोळ्यानं बघा, असंल तरच ट्रस्टच्या टॅबमध्ये जाऊन ट्रस्टेडमध्ये घाला आणि परत व्हॅलिडेट करा, हिरवी टिक येती. न बघता कुणाचंही सर्टिफिकेट ट्रस्ट करू नका, लोक घाईघाईत ओके-ओके दाबतात.

आणि एक, प्रिंट काढली की डिजिटल सही संपली. कागदावर बाइट नसतात. प्रिंटवर हिरवी टिक असो की प्रश्नचिन्ह, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकाला ‘टिकवाली प्रिंट देतो, दहा रुपये जास्त’ असं सांगणाऱ्यांना नमस्कार. तसंच डिजिटल सहीची कोणतीही पीडीएफ ‘जरा क्रॉप करून’ सेव्ह केली की सही तुटली म्हणून समजा, मूळ फाइल जपून ठेवा.

टेंडर भरायचं टोकन पण हेच का?

हो. यूएसबी टोकनमध्ये तुमची प्रायव्हेट की असती, ती बाहेर येत नाही, आणि सोबत एक्स.५०९ सर्टिफिकेट असतंय. ते सर्टिफिकेट म्हणजे एएसएन.१ चा डीईआरमधला तुकडा. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ देणं बंद झालं, आता क्लास ३ च मिळतंय. एक्स्पायरी शेवटच्या दिवशी बघत बसू नका.

सर्टिफिकेट फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नेहमी ‘एमआयआय’नंच कामून सुरू होतंय?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला शंभरपैकी शंभर, कारण इथून सगळं उलगडतंय.

वरची ‘बिगिन सर्टिफिकेट’वाली ओळ सोडा, खालचं जे असतंय ते बेस-६४ मधलं, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या रीतीतलं, डीईआर. प्रत्येक सर्टिफिकेट म्हणजे बाहेरून एक सिक्वेन्स, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा संच, आणि सिक्वेन्सचा टॅग, म्हणजे ही कोणत्या प्रकारची गोष्ट ते सांगणारा बाइट, हेक्समध्ये (सोळाच्या पायानं लिहिलेल्या आकड्यांत) ३०. त्यानंतर लांबी. लांबी १२७ पर्यंत असली तर एकाच बाइटमध्ये, त्याच्या पुढं गेली की पहिला बाइट सांगतो ‘माझ्यामागं लांबीचे अजून इतके बाइट आहेत’, दोन असतील तर ८२. सर्टिफिकेट साधारण हजार-दीड हजार बाइटचं असतंय म्हणून सुरुवात ३० ८२, आणि ३० ८२ ला बेस-६४ केलं की एम, आय, आणि लांबी फार मोठी नसंल तर परत आय. बास, जादू काही नाही.

एखादं उदाहरण हातानं करून दाखवा की

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची नोंद करायची समजा, वजन २५ क्विंटल आणि दर ५००० रुपये. खऱ्या एएसएन.१ मध्ये नावं इंग्रजी अक्षरांतच लागतात, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितो:

आवक ::= सिक्वेन्स {
  वजन इंटिजर (०..१२७),
  दर इंटिजर (०..१६३८३)
}

बीईआरमध्ये प्रत्येक गोष्ट टॅग, लांबी, किंमत (म्हणजे खुद्द डेटा, भाव नाही) अशा तीन भागांत जाती. इंटिजरचा टॅग ०२. वजन २५ म्हणजे हेक्समध्ये १९, म्हणून ०२ ०१ १९. दर ५००० म्हणजे हेक्समध्ये १३८८, दोन बाइट, म्हणून ०२ ०२ १३ ८८. दोन्ही मिळून ७ बाइट, त्याला बाहेरून सिक्वेन्सचं वेष्टण: ३० ०७ ०२ ०१ १९ ०२ ०२ १३ ८८. एकूण ९ बाइट.

हेच जेसनमध्ये, चाव्या म्हणून वेट आणि रेट ही इंग्रजी नावं घालून आणि एकही स्पेस न देता लिहिलं तर २५ बाइट होतात, मोजून बघा.

आता अनअलाइन्ड पीईआर. दोन्हीकडं नमुना माहितीच आहे, मग टॅग कशाला पाठवायचा? वजन ० ते १२७ मध्येच असणार म्हणजे ७ बिट पुरेत. दर ० ते १६३८३ म्हणजे १४ बिट. झाले २१ बिट, मागं तीन शून्यं लावून ३ बाइट: ३२ ९सी ४०. वर कंसात ज्या मर्यादा लिहिल्या त्या फक्त तपासायला नव्हत्या, त्यांनीच जागा वाचवली. पण त्याचा दुसरा भाग असा की नमुना हातात नसंल तर ते तीन बाइट बघून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही की हे सोयाबीन आहे का अजून काय. बीईआरमध्ये निदान ‘दोन आकडे आहेत’ एवढं तरी कळतंय.

प्रॅक्टिकलला हमखास चुकणारी एक गोष्ट सांगतो. बीईआरमधला इंटिजर चिन्हासकट असतोय. १२८ पाठवायचा तर ०२ ०१ ८० लिहिलं की समोरचा ते उणे १२८ वाचणार. म्हणून पुढं एक शून्य बाइट लावायचा: ०२ ०२ ०० ८०. सर्टिफिकेटच्या सिरियल नंबरपुढं आणि आरएसएच्या मोठ्या आकड्यापुढं जो उगाच ०० दिसतोय तो यासाठी.

मग बीईआर, डीईआर, पीईआर यातलं घ्यायचं कोणतं?

तुम्ही घेत नसता, स्टँडर्ड आधीच ठरवतंय. तरी कारण माहीत पाहिजे. बीईआर ढिलं आहे, एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे लिहिली तरी चालती, वरच्या उदाहरणातली लांबी ०७ ऐवजी ८१ ०७ लिहिली तरी बीईआरला मान्य. सहीच्या कामात हे चालत नाही, कारण एक बाइट इकडचा तिकडं झाला की हॅश बदलला आणि सही फेल. म्हणून डीईआर, तिथं एका डेटाला एकच लिखाण, लांबी सगळ्यात आखूडच. जागा वाचवायची तर पीईआर. गाड्या एकमेकींशी बोलतात त्या वाहनांच्या कामात सिक्युरिटीला ओईआर घेतलंय, ते पीईआरएवढं बारीक नाही पण बाइटवर बसतंय म्हणून जलद, आणि वाळूजला ऑटोच्या कंपन्यांत इलेक्ट्रॉनिक्सकडं जाणाऱ्यांनी हे नाव ऐकून ठेवावं.

त्या लांबलचक टिंब-टिंबवाल्या नंबरांचं काय?

ते ओआयडी, ऑब्जेक्ट आयडेंटिफायर. जगात कुठलीही गोष्ट एकाच नंबरानं ओळखता यावी म्हणून फांद्या-फांद्यांची वाटणी. सर्टिफिकेटमध्ये जिथं नाव असतंय त्या जागेचा नंबर २.५.४.३, तो बाइटमध्ये ०६ ०३ ५५ ०४ ०३ असा जातो. पहिले दोन आकडे एकत्र करायची रीत आहे, पहिल्याला ४० नं गुणून दुसरा मिळवायचा, ८० अधिक ५ म्हणजे ८५, हेक्समध्ये ५५. भारताची फांदी २.१६.३५६ आणि सीसीए त्याखाली १०० वर. ३५६ हा आपल्या देशाचा आयएसओ नंबर, पुढच्याच प्रश्नात परत भेटंल.

एटीएम कार्डात हे कसं काय?

कार्डाची चिप आणि मशीन ईएमव्ही नियमानं बोलतात आणि त्यातला डेटा बीईआरच्याच टॅग-लांबी-किंमत पद्धतीचा असतोय. पेट्रोल पंपावर २५० रुपयांना कार्ड टेकवलं तर मशीन चिपला रक्कम सांगतं ती ९एफ०२ या टॅगखाली, लांबी ०६, आणि किंमत ०० ०० ०० ०२ ५० ००. शेवटचे दोन आकडे पैसे. इथं आकडे हेक्स नाहीत, सरळ दशमानातच दोन-दोन करून भरलेत. चलनाचा टॅग ५एफ२ए, त्याची किंमत ०३ ५६, म्हणजे रुपया. रुपे असो नाहीतर बाहेरची कंपनी, पद्धत तीच. यूपीआयचं मात्र विचारू नका, ते वेगळं, तिथं एक्सएमएल चालतंय.

स्मार्ट मीटरवरून सध्या लई चर्चा आहे, त्यात काय आहे?

बिलाच्या वादात मी पडत नाही, भाषेचं सांगतो. आपल्याकडच्या स्मार्ट मीटरसाठी आयएस १५९५९ हे भारतीय स्टँडर्ड आहे आणि ते डीएलएमएस-कोसेम या मीटर वाचायच्या नियमावलीवर उभं आहे. त्यातले मेसेज एएसएन.१ मध्ये लिहिलेत, पण गंमत अशी की एन्कोडिंग दोन प्रकारचं. सुरुवातीची जोडणी करतानाचा मेसेज बीईआरमध्ये, पहिला बाइट ६०, आणि पुढची वाचनं ए-एक्सडीआर नावाच्या वेगळ्या पद्धतीनं. त्यामुळं मीटरचे बाइट उचलून बीईआरच्या डिकोडरमध्ये टाकले की कचरा दिसतोय. बीईआरमध्ये ०२ म्हणजे इंटिजर, मीटरमध्ये ०२ म्हणजे स्ट्रक्चर. बीईआरमध्ये ०६ म्हणजे ओआयडी, मीटरमध्ये ०६ म्हणजे चार बाइटचा आकडा.

मीटरमध्ये प्रत्येक रीडिंगला ओबिस कोड, म्हणजे ते कोणतं रीडिंग ते सांगणारा नंबर, असतोय. आत आलेल्या एकूण युनिटचा १.०.१.८.०.२५५. नुसता आकडा वाचून चालत नाही, सोबत स्केलर आणि युनिट वाचावं लागतंय, स्केलर म्हणजे दहाचा कितवा घात. मीटरनं आकडा वॉट-अवरमध्ये दिला आणि वाचणाऱ्यानं किलोवॉट-अवर समजला तर हजारपट फरक पडंल, त्यामुळं प्रोजेक्ट करणाऱ्यांनी पहिल्यांदा स्केलरच वाचायचा.

कॉलेजच्या नेटवर्कमध्ये कुठं येतंय?

एसएनएमपी. स्विच, राउटर, प्रिंटर, यूपीएस, सगळ्यांना विचारता येतंय ‘बाबा कसा आहेस’. प्रश्न-उत्तर बीईआरमध्ये आणि कशाबद्दल विचारायचं ते ओआयडीनं. जी एमआयबी फाइल मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घालता ती म्हणजे एएसएन.१ चाच मजकूर, एकदा उघडून वाचा, समजती.

दोन गोष्टी हमखास नडतात. एक, पोर्टवरून किती डेटा आला ते सांगणारा जुना काउंटर ३२ बिटचा, ४ अब्ज २९ कोटीच्या पुढं गेला की परत शून्य. १ जीबीपीएसची लाइन पूर्ण भरली तर साधारण ३४ सेकंदात फिरतोय, आणि तुम्ही पाच मिनिटाला एकदा वाचत असाल तर ग्राफ म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. ६४ बिटचा काउंटर वापरायचा, तो वेगळ्या ओआयडीवर असतोय. दुसरं, अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, तो पण ३२ बिट, म्हणून ४९७ दिवसांनी शून्य होतोय. लाइट गेली, स्विच बंद पडला म्हणून कुणाला ओरडायच्या आधी हे बघून घ्या. आणि कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द, ‘पब्लिक’ ठेवू नका राव, व्हर्जन ३ वापरा.

मराठी मजकूर चालतोय का यात?

चालतोय, यूटीएफ८ स्ट्रिंग हा टाइप घ्यायचा. ‘नांदेड’ लिहिलं तर सहा कोड पॉइंट (अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजून), प्रत्येकी ३ बाइट, १८ बाइट, म्हणून पुढं ०सी १२ लागणार. प्रिंटेबल स्ट्रिंग घेतली तर देवनागरी सोडाच, ईमेलमधला ॲट पण बसत नाही, आणि लोक तिथंच अडकतात. मर्यादा बाइटवर नाही, कोड पॉइंटवर मोजली जाती, आणि ‘क्षीरसागर’ आपल्या डोळ्याला पाच अक्षरं दिसतंय तरी मशीनला नऊ आहेत. सर्टिफिकेटमध्ये नावाला ६४ ची मर्यादा आहे, फॉर्म बनवणाऱ्यांनी हा हिशोब धरायला पाहिजे.

अजून कुठं कुठं?

पटकन सांगतो. कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिनसाठी एलडीएपी आणि कर्बेरॉस. वीज सबस्टेशनच्या ऑटोमेशनमध्ये आयईसी ६१८५०. ई-पासपोर्टच्या चिपमधली सरकारची सही. जुन्या व्हिडिओ कॉन्फरन्सचं एच.३२३. आणि अमेरिकेतल्या एनसीबीआयनं जनुकांचा डेटा ठेवायला पण हेच घेतलंय, बायोटेकवाल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

हे सेफ आहे का? हॅक होतंय म्हणतात

नोटेशन हॅक होत नाही, हातानं लिहिलेला पार्सर, म्हणजे आलेले बाइट वाचणारा कोड, होतोय. २००२ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठातल्या लोकांनी एसएनएमपीला वाकडेतिकडे मेसेज देऊन बघितले तर कितीतरी कंपन्यांची उपकरणं आडवी पडली. फेब्रुवारी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला स्वतःच्या एएसएन.१ लायब्ररीसाठी मोठा पॅच काढावा लागला. मूळ दुखणं बहुतेक वेळा लांबीत असतंय. समोरचा म्हणतोय ‘पुढं ४ जीबी आहे’ आणि प्रोग्रॅमर त्यावर विश्वास ठेवून मेमरी मागतोय. २००९ ला अजून एक निघालं: सर्टिफिकेटमधल्या नावाच्या मधोमध शून्य बाइट घालायचा. एएसएन.१ ला लांबी माहीत असती म्हणून ते पूर्ण नाव वाचतंय, सी भाषेतला कोड शून्य दिसलं की थांबतोय, आणि बनावट साइटला बँकेचं नाव मिळतंय. त्यामुळं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हातानं पार्सर लिहा, शिकायला चांगलं, पण चालू सिस्टिममध्ये तयार आणि तपासलेली लायब्ररीच वापरा.

माझ्या ॲपसाठी जेसन सोडून हे घेऊ का?

नको. दुकानाचं ॲप, कॉलेजचं पोर्टल, शेतमालाच्या भावाचं पेज, याला जेसनच. डीबग करायला सोपं, पोरगं नवीन आलं तरी त्याला वाचता येतंय. आतल्या सर्व्हिस जलद पाहिजेत तर गूगलचं प्रोटोबफ बघा, तो पण डेटा बाइटमध्ये बांधायचाच प्रकार, २००८ पासून ओपन आहे, त्याची टूल चांगली आहेत. एएसएन.१ तेव्हाच जेव्हा समोरची सिस्टिम तेच बोलती, किंवा बिट-बिट महाग आहे, किंवा वीस वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकमेकांत चालवायचीत. इंटरव्ह्यूत भाव मारायला म्हणून प्रोजेक्टमध्ये घुसडू नका, पुढचा प्रश्न विचारला की उघडं पडतंय.

शिकायला सुरुवात कुठून करू? क्लास आहे का?

क्लासची गरज नाही. एक्स.६८० पासूनची स्टँडर्ड आयटीयूच्या साइटवर फुकट मिळतात, पण सुरुवात त्यांनी करू नका, झोप येती. ओपनएसएसएल हे सर्टिफिकेट आणि की हाताळायचं फुकट टूल घ्या, त्यात एएसएन१पार्स नावाची कमांड आहे, कुठल्याही वेबसाइटचं सर्टिफिकेट उतरवून तिच्यात घाला आणि टॅग-लांबी ओळीनं वाचत जा. एक पूर्ण सर्टिफिकेट बोट ठेवून वाचलं की निम्मं काम झालं. तारखा बघा, वर्ष दोनच आकड्यांत दिसंल, कारण २०४९ पर्यंत तशी रीत आहे आणि २०५० पासून चार आकडी टाइप वापरायचा असं ठरलंय. मग पायथॉनमधलं एएसएन१टूल्स, त्यात वरचं सोयाबीनचं उदाहरण घालून बीईआर आणि अनअलाइन्ड पीईआर दोन्ही काढून बघा, उत्तर जुळलं पाहिजे. सी लागत असंल तर एएसएन१सी, अर्लांगमध्ये तर कंपायलर सोबतच येतोय. नेटवर्कवरचा डेटा पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये एसएनएमपी आणि एलडीएपीचे पॅकेट फोडून दिसतात. टेलिकॉम टेस्टिंगच्या कामाला पुणे-बंगळुरूला जाणाऱ्यांनी पीईआर हातानं एकदा तरी करावंच.

ऑनलाइन डिकोडरमध्ये फाइल टाकली तर चालंल का?

सर्टिफिकेट टाका, ते सगळ्यांना दाखवायसाठीच असतंय. प्रायव्हेट की टाकू नका. दोन्ही फाइल ‘एमआयआय’नं सुरू होऊ शकतात म्हणून त्यावरून ओळखू नका, सगळ्यात वरची ओळ वाचा, तिथं ‘प्रायव्हेट की’ लिहिलेलं दिसलं तर फाइल बंद करा आणि ते काम स्वतःच्या मशीनवर ओपनएसएसएलनं करा.